टेक्सासमधलं चितळ आणि येऊरचा वारा

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. माझा मावसभाऊ टेक्सासला असतो. फोटोत तो नारिंगी जाकीट घालून गुडघ्यावर बसलाय, हातात बंदूक, पुढ्यात आडवं पडलेलं हरीण. पाच मिनिटांत ग्रुप पेटला. मावशीने लगेच लिहिलं, "अरे मेल्या, पोलीस धरतील ना तुला!" एका काकांना हे आपल्या घराण्याला शोभणारं वाटलं नाही. दुसऱ्या काकांनी मटण कसं लागतं ते विचारलं.

मी तो फोटो मोठा करून पाहत बसले. हरणाच्या तांबूस अंगावर पांढरे ठिपके होते आणि दोन्ही शिंगांना तीन-तीन टोकं. हे तर चितळ. ठाण्यात वर्तकनगरला माझं घर आहे, तिथून रिक्षाने गेलं की थोड्याच वेळात येऊरचं जंगल लागतं, त्या जंगलात फिरतं तेच चितळ. तिथे मारलं तर ताटात येतं आणि इथे मारलं तर माणूस तुरुंगात जातो. असं का, हे ग्रुपवर कुणालाच नीट सांगता येईना.

रविवारी मी भावाला फोन केला. बंदुकीबद्दल तो जेमतेम दोन वाक्यं बोलला. बाकी तासभर वारा, पायवाटा, पाणी आणि आवाज. शेजारच्या एका वयस्कर माणसाने त्याला तीन वर्षं हे शिकवलं, त्यातली पहिली दोन बंदूक हातात न देता नुसतं बसवून. ऐकता ऐकता मला मुरबाडकडचे माझे आजोबा आठवायला लागले. शेताच्या राखणीसाठी त्यांच्याकडे ठासणीची बंदूक असायची. मला कळायला लागलं तोवर ती जमा झाली होती, पण विद्या त्यांच्या तोंडी होती आणि रात्री ओटीवर बसून ती ते आम्हा नातवंडांना सांगत. टेक्सासचा तो म्हातारा आणि आमचे आजोबा एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांची शिकवण जवळपास एकच निघाली. ती शिकवण काय आहे आणि तिचं आज ठाण्यात काय करायचं, हे इथे जमेल तितकं सोपं करून मांडते.

आधी हरीण म्हणजे कोण?

पाय लांब आणि शेपूट आखूड दिसली की आपण सरसकट हरीण म्हणतो. पण चितळ, सांबर आणि भेकर हे एका घरातले. यांच्या नरांची शिंगं भरीव हाडाची असतात, ठरावीक काळाने गळतात आणि पुन्हा उगवतात. वाढत्या शिंगांवर मखमलीसारखं कातडं असतं. काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा यांची शिंगं पोकळ, आयुष्यभर तीच. हे गायी-बकऱ्यांचे भाऊबंद. येऊरला आपल्याला भेटतात ते मुख्यतः पहिल्या घरातले तिघे.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांत सारखी, आणि शिकारीचं निम्मं गणित तिच्यावर उभं आहे. ही रवंथ करणारी जनावरं. उघड्यावर चरणं धोक्याचं, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी भराभर पोट भरायचं आणि मग जाळीत, सावलीत बसून निवांत चावायचं. स्टेशनवर डबा घाईत उघडण्यापेक्षा ऑफिसात पोचून खाणाऱ्या माणसासारखं. खायची जागा वेगळी, बसायची वेगळी, पाण्याची तिसरी. या तीन जागांना जोडणाऱ्या वाटा ठरलेल्या असतात. जाणता शिकारी जंगलभर वणवण करत नाही. तो या वाटांपैकी एकीच्या कडेला जाऊन बसतो.

वारा: पहिला धडा आणि शेवटचाही

आपला वास वाऱ्याबरोबर जनावरापर्यंत पोचणं, याला आजोबा 'वारा लागणं' म्हणायचे. वारा लागला की त्या दिवसाचं काम संपलं. मग तुम्ही पुतळ्यासारखे बसा नाहीतर झाडात मिसळून जा, उपयोग नाही.

हे आपल्याला पटायला जड जातं, कारण आपण डोळ्यांनी जगणारे प्राणी. म्हणून एक रोजचा दाखला देते. तिसऱ्या मजल्यावर कुणी सुकट भाजायला घेतली की सहाव्या मजल्यावरच्या माणसाला खिडकीतून काही न बघता कळतं की कुणाकडे काय शिजतंय. दार बंद असलं तरी कळतं. चौथ्या मजल्यावरच्याला मात्र कधीकधी पत्ता नसतो, कारण जिन्यातली हवा त्याच्या दाराला वळसा घालून वर गेलेली असते. हरणाला जंगल हे असं दिसतं. त्याच्या नाकाला माणसाचा घाम, साबण, तंबाखू, डोक्याचं तेल हे सगळं सुकटीइतकंच ठसठशीत. आणि सुकटीसारखाच तो वासही सरळ रेषेत जात नाही, हवेच्या वाटेने जातो.

म्हणून नियम एवढाच की वारा आपल्या तोंडावर यायला हवा. हरणाकडून आपल्याकडे. आजोबा चिमूटभर राख सोडून बघत, भाऊ प्लास्टिकच्या छोट्या बाटलीतून पावडर फुसकन सोडतो. काम एकच.

डोंगरात यापुढचा धडा लागतो. ऊन चढलं की उतारावरची जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होते आणि चहाच्या कपावरच्या वाफेसारखी उताराने वर सरकते. संध्याकाळी जमीन निवते, हवा जड होते आणि तोच रस्ता उलटा धरून खाली उतरते, ओढ्याच्या पात्रातून तर पाण्यासारखी वाहते. म्हणजे दुपारी निवडलेली उत्तम जागा दिवेलागणीला वाईट ठरू शकते. मे महिन्यात दुपारी ठाण्याला वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. तेव्हा पाणवठ्याच्या पूर्वेला बसणं बरोबर. पण सूर्य बुडाल्यावर ओढ्याची गार हवा निघाली की हिशेब बदलतो. आजोबांच्या मते वाईट शिकारी दोन प्रकारचे. एक वारा न बघणारा आणि दुसरा एकदाच बघणारा. मला दुसरा जास्त ओळखीचा वाटतो. आपण बरेचसे निर्णय असेच एकदा वारा बघून घेतो.

मग ते नारिंगी जाकीट कशाला?

ग्रुपवर हा प्रश्न एका भाचीने विचारला आणि प्रश्न चांगला होता. लपायचं असेल तर एवढा भडक रंग कसा?

हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या, आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या. लाल आणि नारिंगी त्याला मळकट, आसपासच्या पाल्यात मिसळून जाणारे दिसतात. माणसांतही काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, तसंच. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र तेच जाकीट लांबून झळकतं, आणि ते त्याच्यासाठीच असतं, म्हणजे तो चुकून गोळी घालणार नाही. उलट निळा रंग हरणाला चांगला दिसतो. कपडे झगझगीत करणाऱ्या काही धुण्याच्या पावडरींमुळे कापडावर जी निळसर चमक येते ती त्याला आपल्यापेक्षा जास्त जाणवते, म्हणून तिकडचे जुने शिकारी शिकारीचे कपडे असल्या पावडरीत धूत नाहीत.

रंगापेक्षा हालचाल घातक. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मागचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. बारकावे आपल्याइतके नाही दिसत, पण काही हललं की लगेच कळतं. फासेपारधी यावर मोठी युक्ती करत. शिकवलेल्या गायीच्या किंवा बैलाच्या आडून, तिच्या पावलाने पाऊल टाकत ते काळविटाच्या कळपाजवळ जात. कळपाला गाय चालताना दिसे, आणि चालत्या गायीत त्याला काही वावगं वाटत नसे.

माग: जमिनीवरचं वाचन

हरणाचा खूर दुभंगलेला, ठसा बदामासारखा, टोक चालायच्या दिशेला. सांबराचा मोठा, चितळाचा त्याहून लहान, भेकराचा इवलासा. चिखलात किंवा धावताना मागच्या दोन छोट्या नख्याही उमटतात. रानडुकराच्या त्या बऱ्याचदा उमटतात आणि ठशाच्या बाहेर फाकलेल्या असतात. येऊरच्या पाड्यांजवळ मात्र नवख्याचा घोळ होतो, कारण बकरीचा ठसाही असाच.

ठसा कुणाचा यापेक्षा कधीचा हे वाचणं अवघड. कडा तीक्ष्ण आहेत की ढासळल्यात, आत पान पडलंय का, दव ठशाच्या आत आहे की बाहेर, मुंगीने त्यात वारूळ काढायला घेतलंय का. लेंड्या ओल्या चकाकत्या की सुकून फिकट. झाडाच्या सालीवर शिंगं घासल्याच्या खुणा किती उंचीवर. आजोबांनी आम्हाला अंगणात कोंबडीच्या मागे असं वाचायला लावलं होतं, आणि आज चिखल दिसला की माझी नजर आपोआप खाली जाते.

बिबटे मोजण्यासाठी जंगलात कॅमेरा ट्रॅप लावतात, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे, झाडाला बांधलेले कॅमेरे. २०१५ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (येऊर त्याचाच भाग) आणि लगतच्या भागात अशा पाहणीतून ३५ बिबटे नोंदले गेले. कॅमेरा नवा आहे. पण तो कुठल्या झाडाला बांधायचा हे ठरवायला जनावराची वाट ओळखावी लागते, आणि ती ओळखणारी नजर जुनीच आहे.

आवाज: कुणाचं ऐकायचं आणि कितपत

जंगलातला प्रत्येक शहाणा माणूस कानाने चालतो. बिबट्या दिसला की चितळ तीक्ष्ण, छोटी हाक देतं, पाय आपटतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं आणि भुंकतच राहतं. वानर झाडावरून खाकरतं. सांबर एकदाच, खोल, घुमणारा आवाज काढतं, पुन्हा काढलाच तर थांबून.

या हाका सारख्याच वजनाच्या नसतात, ही खरी शिकवण. चितळ म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. कळप मोठा, एकाने घाबरायचं की सगळ्यांनी, आणि बऱ्याचदा कारण काहीच नसतं. भेकर स्वभावानेच भित्रं. सांबर हे तळमजल्यावरच्या त्या अबोल आजोबांसारखं, जे महिन्यातून एकदा बोलतात आणि तेव्हा पाण्याची टाकी खरंच फुटलेली असते. सांबर ओरडलं आणि वानरानेही त्याच दिशेला तोंड करून साथ दिली, की शिकारी उठून उभा राहायचा. वानराला वरून दिसतं, हरणाला खालून वास येतो. म्हणून दोघांची जोडी जमते. वानरं झाडावरून पाला टाकतात, चितळं तो खाली खातात, आणि दोघांनाही एकमेकांच्या इशाऱ्याचा फायदा होतो.

उपवनहून येऊरला सकाळी चालायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. एकाच जागेवरून भेकर सतत भुंकत असेल, वर वानरं खाकरत असतील, तर तिथेच थांबून मागे फिरा. मोबाइल काढून त्या दिशेने जाऊ नका.

बंदूक: सर्वांत छोटा धडा

भावाच्या गुरूने गोळीबद्दल शिकवलं ते मोजकं. बंदूक रिकामी आहे हे माहीत असलं तरी ती भरलेली आहे असंच वागायचं. नळी कधी माणसाकडे नाही. नेम ठरेपर्यंत बोट घोड्याच्या बाहेर. आणि सावजाच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय बार नाही. हरीण आडवं उभं असेल तेव्हाच, खांद्यामागच्या काळीज-फुप्फुसाच्या जागी. तशी संधी नसेल तर सोडून द्यायचं. जखमी जनावरामागे लगेच धावायचं नाही, कारण पाठलाग नसेल तर ते जवळच बसतं, असेल तर मैलभर जाऊन तडफडून मरतं. पण अर्ध्या तासाने शोधायला जायचंच, अंधार झाला, पाऊस आला तरी. जखमी जनावर टाकून घरी आलेल्याशी आजोबांच्या गावात लोक दोन दिवस बोलत नसत.

आवाजावर बार टाकू नये, हे दोघांचंही. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. त्यांच्यातल्याच एकाच्या गोळीने सोबत्याचा जीव गेला. झाडीत जे हललं ते डुक्कर वाटलं.

तिथे चालतं, इथे का नाही?

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ. याला बँकेची उपमा बरी पडते. जंगलातली जनावरं ही मुद्दल, दरवर्षी जगणारी जास्तीची पिल्लं हे व्याज. व्याज काढलं तर मुद्दल शाबूत राहते. मुद्दलच खाल्ली तर घर बसतं.

अमेरिकेने आधी मुद्दल खाल्ली होती. मांस आणि कातड्याच्या व्यापारापायी तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या १९०० च्या आसपास पाच लाखांच्या आत आल्याचा अंदाज आहे. मग बाजारासाठीची शिकार बंद झाली, हंगाम ठरले, माणशी किती मारायची ते ठरलं. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून येणारा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. आज तीच हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. दरम्यान लांडगे आणि पुमा बहुतेक भागांतून माणसानेच संपवलेले. खाणारं कुणी नाही, म्हणून हरणं जंगलातली कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत, दरवर्षी लाखो गाड्यांना धडकतात. तिथे शिकारी लांडग्याचं काम करतोय, असं म्हणता येतं.

भावाने मारलेल्या चितळाची गोष्ट तर अजून वेगळी. ते तिथलं नव्हेच. १९३० च्या दशकात हौसेखातर आपल्याकडची चितळं टेक्सासच्या खासगी रानांत नेऊन सोडली आणि ती कुंपणाबाहेर पसरली. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, हवाईच्या राजाला हाँगकाँगहून भेट म्हणून मूळची भारतातली चितळं आली. ती मोलोकाई बेटावर सोडली गेली आणि आज तिथे डोकेदुखी झाली आहेत. टेक्सासमध्ये चितळ परकं धरलं जातं, त्यामुळे राज्याकडून त्याला हंगामाची मर्यादा नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी मात्र लागते, आणि परवान्यासाठी २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

लांब कशाला, अंदमान बघा. इंग्रजांनी तिथे चितळ सोडलं. बेटांवर ना वाघ ना बिबट्या. चितळांनी तिथल्या जंगलाची नवी रोपं खाऊन टाकली. येऊरचं चितळ आणि अंदमानचं चितळ एकच जनावर, पण येऊरला त्याच्यावर नजर ठेवणारा बिबट्या आहे. आपल्याकडे व्याज खाणारा मालक आधीच घरात बसलाय. त्याचा वाटा आपण काढला तर तो पोटासाठी कुठे येणार, हे घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना सांगायला नको. बिबट्या कुत्रीही खातो, आणि कुत्री आपल्या गेटपाशी असतात.

मुद्दलही आपली फार मोठी नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं उद्यान, एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड-ठाणे. जनावराला हलायला जागा कितीशी?

कायदा नेमकं काय म्हणतो?

अनेकांची समजूत अशी की १९७२ ला शिकार एका फटक्यात बंद झाली. तसं नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण मूळ कायद्यात काही प्राण्यांसाठी शिकारीच्या परवान्याची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली.

शिकार या शब्दाची कायद्यातली व्याख्या बंदुकीपुरती नाही. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, हाकारून एका बाजूला नेणं, आमिष टाकणं, जखमी करणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, सगळं शिकारच. कुंपणाला बांधलेला मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा फाससुद्धा. या फासाचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण तो बघत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात सांबर अडकतं, बिबट्याही अडकतो, आणि तार कातडीत रुतत रुतत दोन-दोन दिवस जीव जात नाही. राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय दंड. जोधपूरजवळच्या १९९८ च्या काळवीट प्रकरणात एका नामांकित अभिनेत्याला २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ती वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचली आहेच.

जुन्या वाड्यांच्या भिंतीवर सांबराची शिंगं असतात, त्याबद्दल हमखास विचारणा होते. पणजोबांनी मारलेलं असलं तरी वनखात्याचं मालकीचं प्रमाणपत्र लागतं. विकणं किंवा ओएलएक्सवर टाकणं तर मुळीच नाही. प्रमाणपत्र आहे पण वस्तू नको असेल तर ती वनखात्याकडे सुपूर्द करायची सोय २०२२ च्या दुरुस्तीत झाली आहे.

पण आदिवासींचं काय? शेतकऱ्याचं काय?

ही हरकत खरी आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. येऊरच्या पाड्यांवरची, शहापूर-मुरबाडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून पोट भरत होती. जंगल त्यांनी संपवलं नाही. मोठमोठ्या शिकारी झाल्या त्या राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या. फासेपारध्यांना तर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे बरेच परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. माझं मत विचाराल तर बंदी हवीच, कारण मुद्दल उरली नाही. पण ज्यांनी ती उधळली नाही त्यांच्याकडूनच आपण सगळ्यात जास्त सोडवून घेतलं, हेही तितकंच खरं.

शेतकऱ्यासाठी कायद्यात वाट आहे. जनावर माणसाच्या जिवावर उठलं असेल, बरं न होण्याइतकं जखमी असेल, किंवा काही प्राण्यांच्या बाबतीत पिकाची नासाडी करत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीने कारवाई होऊ शकते. परवानगी आधी, कृती नंतर. व्यवहारात ही वाट लांबची आहे आणि तोवर पीक गेलेलं असतं. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली तर निम्मे फास आपोआप सुटतील असं मला वाटतं.

मग ही विद्या बंदुकीशिवाय कशाला?

सुरुवातही थोडी अशीच झाली होती. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी निघाली तेव्हा तिच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. सलीम अलींची पक्ष्यांशी ओळख झाली तीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. मारायला बसणाऱ्यांनी इतकं पाहिलं की त्यातल्या कित्येकांना शेवटी पाहणंच पुरेसं झालं.

आपल्याकडे ती विद्या वर्षातून एक रात्र सगळ्यांना वापरता येते. बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून रात्रभर प्राण्यांची नोंद करतं, येऊरला आणि तुंगारेश्वरलाही. वैशाखात पाणी मोजक्याच जागी उरतं, त्यामुळे जनावराला तिथे यावंच लागतं, आणि चांदण्यात ते दिसतं. एकच सांबर दोनदा येऊन दोनदा मोजलं जाऊ शकतं, म्हणून खरी संख्या काढायला कॅमेरे आणि इतर पद्धती वापरतात. पण नाव नोंदवून जायला मिळालं तर जरूर जा. सेंट, पावडर, मोगऱ्याचा गजरा घरी. पांढरे कपडे नकोत. चिवड्याची कुरकुरीत पिशवी नको, डब्यात पोळी-भाजी बरी. मोबाइल बंद, नुसता सायलेंट नव्हे, कारण त्याचा उजेड चेहऱ्यावर पडतो. उजेड आहे तोवर चढून बसा आणि जंगलाला तुम्हाला विसरायला वेळ द्या.

एका वर्षी मी बसले होते. सोबत एक वनरक्षक, पाड्यावरचाच. संध्याकाळी पश्चिमेचा वारा तोंडावर येत होता, जागा अचूक होती. साडेआठच्या सुमारास ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला, आमच्या समोर, पाला वाजला. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. बिबट्या इतका आवाज करत नाही आणि डुक्कर इतकं थांबत नाही. वनरक्षकाने बोटांनी डोक्यावर शिंगं करून दाखवली. मी श्वास रोखला. पाणी आमच्या आणि त्याच्या मधे होतं, आणखी वीस पावलं आलं असतं तर चांदण्यात आलं असतं.

तेवढ्यात मला मानेवर गार हवा जाणवली नाही, तोंडावर जाणवली. चांगलं लक्षण, असं मी मनात म्हणतेय तोवर ती थांबली, जराशी घुटमळली आणि ओढ्याच्या वळणातून उलटी फिरली. केसांतून पुढून मागे न जाता मागून पुढे, थेट त्याच्या दिशेला. वनरक्षकाने हळूच मान हलवली. सांबर एकदाच ओरडलं. नंतर रात्रभर त्या बाजूने पानही हललं नाही.

उजाडल्यावर आम्ही खाली उतरून बघितलं. चिखलाच्या कडेला एक मोठा बदामी ठसा होता, टोक पाण्याकडे. त्याच्या शेजारी दुसरा, मागच्या नख्यांसकट खोल रुतलेला, टोक डोंगराकडे. मी दोन्हींचा फोटो काढला आणि टेक्सासला पाठवला. भावाचं उत्तर दहा मिनिटांत आलं: "ताई, किती वाजता वारा फिरला?"